वाचकांचे प्रश्न : घरासाठी सीसीटीव्ही निवडताना

प्रश्न : पाथर्डी फाट्याजवळ आमचे रो-हाउस आहे. आम्ही दोघेही नोकरी करतो आणि दिवसभर घरी सासूबाई एकट्या असतात. दिवाळीत आम्ही सर्वजण आठ दिवस गावी जातो. एका विक्रेत्याने 5 मेगापिक्सेलचे आठ कॅमेरे आणि 1 टीबीची हार्ड डिस्क सुचवली आहे, तर दुसरा म्हणतो की मेमरी कार्डाचे दोन वायफाय कॅमेरे पुरेत. कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दोघांचेही पूर्णपणे ऐकू नये. पहिल्या विक्रेत्याचा हिशेब आधी कागदावर मांडून पाहा. 5 मेगापिक्सेलच्या एका कॅमेऱ्याचे चित्रण सेकंदाला 4 मेगाबिट धरले, तर आठ कॅमेरे दिवसाला सुमारे 345 जीबी जागा खातात. म्हणजे 1 टीबीची डिस्क तीन दिवसही पुरत नाही आणि त्यानंतर जुन्या चित्रणावर नवे चढत जाते. गावाला गेल्याच्या दुसऱ्या दिवशी चोरी झाली, तर परत येईपर्यंत तिचा पुरावा पुसला गेलेला असेल. याउलट 2 मेगापिक्सेलचे चार कॅमेरे सेकंदाला 2 मेगाबिटने दिवसाला साधारण 86 जीबी घेतात, आणि 2 टीबीमध्ये तीन आठवड्यांचे चित्रण सहज राहते. डिस्क मात्र संगणकाची साधी नको, सीसीटीव्हीसाठी बनवलेलीच घ्यावी.

बॅटरीवरचे सोडले, तर वायफाय कॅमेऱ्यालाही विजेची वायर लागतेच, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत. शिवाय चोराने कॅमेराच उपटून नेला, तर त्यातले कार्डही त्याच्यासोबत जाते. म्हणून वायरचे कॅमेरे घ्यावेत आणि हार्ड डिस्क असलेला रेकॉर्डर आतल्या खोलीत कपाटात ठेवून त्याला, राउटरला व कॅमेऱ्यांना एक छोटा यूपीएस द्यावा.

माझ्या मते खरा प्रश्न कॅमेऱ्यांच्या संख्येचा नसून फाटकाशी आलेल्या माणसाचा चेहरा ओळखू येतो की नाही, हा आहे. सर्वत्र बसवली जाणारी 2.8 मिमीची लेन्स सुमारे 100 अंशांचे दृश्य टिपते. अंगण, गाडी, तुळस सारे दिसते, पण 2 मेगापिक्सेलच्या चित्रात 6 मीटरवरचा चेहरा जेमतेम 20 पिक्सेल रुंद उरतो. त्याच अंतरावर कमी रुंद दृश्य टिपणारी 6 मिमीची लेन्स 50च्या आसपास पिक्सेल देते. तेव्हा फाटकाकडे रोखलेला एक कॅमेरा 6 मिमीचा असावा. तो गच्चीच्या कठड्यावर न लावता आठ-नऊ फुटांवर लावावा, नाहीतर नुसत्या टोप्याच दिसतील.

पावसाळ्यात एक गंमत होते. रात्रीच्या इन्फ्रारेड उजेडाभोवती किडे जमतात, त्यांच्यामागे कोळी येतो आणि लेन्ससमोरचा एकच धागा दोरखंडाएवढा पांढरा चमकतो. कधीमधी कुंचा फिरवावा लागतो, म्हणून कॅमेरा हात पोहोचेल अशा जागी हवा.

खरेदी करताना, केंद्र सरकारने 2024 मध्ये सीसीटीव्हीसाठी जाहीर केलेल्या सुरक्षाविषयक अटींनुसार मॉडेलची चाचणी झाली आहे का, हे बिलापूर्वीच विचारावे. बसवणाऱ्यासमोरच मूळ पासवर्ड बदलावा; 2016 मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर कंपनीचा पासवर्ड तसाच राहिल्यामुळे ताब्यात घेतले होते. समोरच्या घराची खिडकी चौकटीत येत असेल, तर सेटिंगमध्ये तेवढा भाग काळा करून घ्यावा आणि तसे केल्याचे शेजाऱ्यांना मोबाइलवर दाखवावे.