लाडवांचा डबा तसाच का राहिला?

पत्र: माझी सून सिझर होऊन आमच्याकडेच बाळंतीण आहे. आज एकोणिसावा दिवस. तिची आई चार वर्षांपूर्वी गेली, म्हणून पहिलं असलं तरी बाळंतपण आम्हीच करायचं ठरवलं. मी पहाटे चारला उठते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मालिशवाली बाई, शेक-धुरी, कशात काही कमी ठेवलं नाही. मुलाची सकाळची पाळी असते, म्हणून तो बाहेरच्या खोलीत झोपतो. आठव्या दिवशी गुटी उगाळली, तर सुनेनं सरळ नको म्हटलं. तेव्हापासून दार लोटून बसते, रडते. परवा लाडवांचा डबा उघडून बघितला तर एकच लाडू कमी. बाळाला घ्यायला गेले तर छातीशी धरून भिंतीकडे वळली. माझं कुठं चुकलं?
– एक आजी, सांगली जिल्हा

ताई,

पत्र दोनदा वाचलं. या वयात पहाटे चारला उठून कढई चढवायची, ही माया आहे. तिच्यात खोट काढायला मी बसलेली नाही. पण एक गोष्ट खटकली. तुम्ही काय काय केलंत ते सगळं पत्रात आहे, सुनेला काय हवंय ते कुठंच नाही. तिला अजून कुणी विचारलेलंच नाही, असं मला वाटतं.

जरा तिचा दिवस मोजून बघा. एवढंसं बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध मागतं. एकेका वेळेला पाजणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं यात पाऊण तास सहज जातो. म्हणजे रात्री तिचा डोळा लागतो तो तुकड्यातुकड्यांनी, आणि दरवेळी उठताना पोटावरचे टाके ओढतात. अशा बाईला लाडू नकोसा झालेला नाही, तो चावायचं त्राण तिच्यात नाही. उद्यापासून डबा नेऊन ठेवू नका. ती पाजायला बसली की अर्धा लाडू बशीत कुस्करून, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवा. पाजताना घसा कोरडा पडतो. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची आपल्याकडची रीत तर सोडूनच द्या.

आता गुटीचं. इथं सून बरोबर आहे, आणि हे तुम्ही तिला तोंडानं सांगायला हवं. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध, वरून पाणीसुद्धा नाही. सहाणेवर उगाळलेलं काहीही पोटात जाऊ नये, आणि मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला धोक्याचा. धुरीही बंद करा. बंद खोलीतला धूर आणि शेगडीचे निखारे बाळाच्या श्वासाला चांगले नाहीत. तुमचा मुलगा गुटीवरच वाढला, मान्य. तुम्ही तेव्हा जे माहीत होतं ते मनापासून केलंत. पण ज्या दिवशी तुम्ही सहाण पुढं केलीत, त्या दिवशी त्या पोरीला वाटलं की आपल्या बाळाचं आपल्याला काही कळत नाही असं या घरात समजतात. बाळ छातीशी धरून ती वळली ती त्यामुळे. तो तुमचा अपमान नव्हता.

तसाच एक प्रश्न घरोघरी दिवसातून चारदा विचारला जातो, ‘दूध पुरतंय ना?’ तुमच्याही घरात विचारला जात असेल तर आजपासून थांबवा. दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट ओले होतायत आणि वजन वाढतंय, म्हणजे दूध पुरतंय. वजनासाठी आशाताई आहेत. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी ४२ व्या दिवसापर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येऊन बाळ तपासणं हे त्यांचं काम आहे. ही घरी जाऊन नवजात बाळ सांभाळायची पद्धत आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उभी केली, पुढं ती देशभर गेली. तुम्ही हे वाचाल तोवर २१ वा दिवस गेलेला असेल, पण २८ वा आणि ४२ वा बाकी आहे.

आणि मुलगा? पाळी आहे हे खरं, पण पोर त्याचंही आहे. त्याला आत झोपायला पाठवा. रात्रीचे लंगोट आणि ढेकर त्याच्याकडे. नऊच्या सुमाराचं पाजून झालं की तिला विचारून बाळ तुमच्या मांडीवर घ्या, भुकेनं चुळबुळलं की नेऊन द्या. हिसकून नाही, विचारून. तिला सलग दोन-अडीच तास झोप मिळाली तरी दोन दिवसांत चेहऱ्यात फरक दिसेल. माझ्या पहिल्या वेळी सासूबाई रात्री खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभ्या राहायच्या आणि एवढंच म्हणायच्या, ‘झालं का? दे, मी ढेकर काढते.’ खिरीची चव मी विसरले, तो टॉवेल आठवतो.

तिची आई नाही, हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढं गेलात. मी तिथंच थांबले. पहिलं बाळंतपण माहेरी असतं ते रडायला आपलं माणूस असावं म्हणून. तिची मावशी, बहीण कुणी असेल तर आठ दिवस बोलावून घ्या, आणि त्या दोघी दार लावून बोलत बसल्या तर बसू द्या.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. बाळंतपणानंतर रडू येणं बहुतेकींना होतं, पण ते पंधरवड्यात ओसरतं. तुमच्या सुनेला एकोणीस दिवस झालेत. म्हणून थांबू नका, याच आठवड्यात तिच्या डॉक्टरांकडे न्या आणि तिला एकटीला त्यांच्याशी बोलू द्या. मनाच्या दुखण्यांसाठी सरकारची टेली-मानस ही फोनसेवा आहे, तिथं १४४१६ या नंबरला कधीही मोफत फोन करता येतो, मराठीतही बोलतात. बाळ झोपलेलं असतानाही तिला झोप येत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा. ‘मी नसते तर बरं झालं असतं’ असं काही ती बोलली तर त्याच दिवशी न्या, तोवर तिला एकटं सोडू नका. नजर काढत बसायचं हे दुखणं नाही.

आज संध्याकाळी दारावर हलकंच वाजवा. हातात वाटी नको. ‘गुटीचं तुझं बरोबर होतं गं’ म्हणा आणि जरा टेका तिच्याजवळ. ती बोलली नाही तरी चालेल. २८ व्या दिवशी आशाताई बाळाचं वजन करतील, तो आकडा त्यांनी आधी सुनेला सांगावा असं बघा. मग मला कळवा, वजन किती भरलं ते, आणि ती जेवतेय का तेही.