‘कुफुंगिसिसा’ला मराठीत काय म्हणावं?

झिम्बाब्वेत बाकावर बसून प्रशिक्षित आज्या मनाने खचलेल्यांचं ऐकून घेतात. या ‘आज्यांच्या बाकां’वरचा लेख मराठीत आणताना शोना भाषेतल्या ‘कुफुंगिसिसा’ला ‘नैराश्य’ म्हटलं तर चालेल का, असं एका वाचक ताईंनी विचारलं आहे.

ताई, नका म्हणू. शब्द फोडून पाहा. ‘कु-’ म्हणजे आपल्या ‘-णे’सारखं, ‘फुंगा’ म्हणजे विचार कर. पुढचा ‘-इसिसा’ क्रियेला जोर देतो, आणि त्यात ‘इस’ दोनदा आला आहे. म्हणजे एकूण अर्थ ‘फार फार विचार करणे’. आपण जोरासाठी अख्खा धातूच दुणावतो: रडरडून, झुरझुरून, विचार करकरून. दोन भाषांची खोड इतकी जुळते हे मला फार आवडतं.

‘नैराश्य’ नुसती अवस्था सांगतं. ‘कुफुंगिसिसा’त दुखणं आणि त्याचं कारण एकत्र येतं: विचार करकरून झोप उडाली, छातीत दुखायला लागलं. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३च्या निदानपुस्तिकेतही हा शब्द शोनातच ठेवला आहे. ‘अतिविचार’ही मला पटत नाही, त्यात ‘तूच जास्त विचार करतेस’ असा ठपका ऐकू येतो.

मनोविकारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली झिम्बाब्वेची राजधानी हरारेच्या म्बारे वस्तीत १४ आज्यांना घेऊन हे बाकांचं काम सुरू केलं. ‘मानसिक आरोग्याचं बाक’ म्हटलं तर कुणी फिरकणार नाही, हे आज्यांनीच सांगितलं. इंग्रजीत ते ‘मैत्रीचं बाक’ झालं, पण शोना नाव आहे ‘चिगारो चेकुपानामाझानो’. ‘चिगारो’ म्हणजे बाक, ‘कुपा’ म्हणजे देणे, ‘-ना’ म्हणजे एकमेकांना, ‘माझानो’ म्हणजे सल्लामसलतीच्या गोष्टी. सल्ला दोन्हीकडून, हे ‘मैत्री’त हरवतं.

बाकावरची पहिली पायरी ‘कुव्हुरा प्फुंग्वा’, म्हणजे मन मोकळं करणं. हा ‘प्फुंग्वा’ त्याच ‘फुंगा’तून आलेला. दुखणं आणि उपाय एकाच धातूचे! ‘नैराश्य’ लिहिलंत की हा धागाच तुटतो.

गोव्याशीही या शब्दाचं नातं आहे. मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल यांनी १९९०च्या दशकात हरारेत शोना लोकांच्या अशाच शब्दप्रयोगांतून मनाची दुखणी ओळखणारी प्रश्नावली घडवली आणि १९९६ साली गोव्यात ‘संगाथ’ ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था इतरांसोबत उभी केली.

तेव्हा मूळ शब्द ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘विचार करकरून जडलेलं दुखणं’ असा खुलासा द्या. बाकावर आलेल्या बाईच्या तोंडी मात्र सरळ लिहा: “विचार करकरून जीव शिणला हो, आजी.”