जुन्या हार्ड डिस्कवरील विंडोज एनव्हीएमई एसएसडीवर जशीच्या तशी नेता येईल का?

आपण विचारले आहे की, लॅपटॉपमधील १ टीबी हार्ड डिस्कवर असलेली विंडोज १०, टॅली आणि इतर सर्व कामासह, लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या ५०० जीबीच्या एनव्हीएमई एसएसडीवर (चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क) जशीच्या तशी नेता येईल का, आणि दुकानदार म्हणतो तशी त्यासाठी यूएसबी केस (एसएसडी आत घालून यूएसबीने बाहेरून जोडायची डबी) घ्यावी का. विंडोज नक्की नेता येते. केस मात्र घेऊ नये, कारण आपल्या लॅपटॉपमध्ये एम.२ स्लॉट, म्हणजे अशी एसएसडी थेट बसवायची खाच, मोकळा आहे.

विंडोज सुरू होताना पहिल्या काही क्षणांत, या यंत्रातील डिस्क वाचायला जे ड्रायव्हर (उपकरणाशी बोलणारे छोटे प्रोग्राम) लागतात असे तिला आधीपासून ठाऊक असते, तेवढेच उचलते. जुनी हार्ड डिस्क साटा या जुन्या जोडणीने जोडलेली आहे. एनव्हीएमई एसएसडी पीसीआय एक्स्प्रेस या अधिक वेगवान जोडणीवर चालते आणि तिचा ड्रायव्हर वेगळा असतो. तो विंडोज १० मध्ये आहेच, परंतु असे उपकरण त्या यंत्रात पूर्वी कधी दिसले नसेल, तर सुरुवातीलाच उचलायच्या ड्रायव्हरांत तो नसू शकतो. केसमध्ये घातलेली एसएसडी विंडोजला केवळ यूएसबी डिस्क म्हणून दिसते, त्यामुळे हा ड्रायव्हर जागाच होत नाही. परळच्या आमच्या कार्यालयातील एका लॅपटॉपची प्रत मी अशीच केसमधून काढली होती; प्रत एकही चूक न दाखवता पूर्ण झाली आणि नव्या डिस्कवरून सुरू करताच निळ्या स्क्रीनवर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा संदेश आला. एकदा सेफ मोडमध्ये (मोजक्या गरजेच्या गोष्टींसह विंडोज चालवण्याच्या पद्धतीत) सुरू केल्यावर ती अडचण सुटली, पण तोपर्यंत सगळा डेटा गेला या समजुतीने आमच्या सहकारी बाई रडकुंडीला आल्या होत्या. म्हणून एसएसडी थेट स्लॉटमध्ये बसवा, जुन्या डिस्कवरून विंडोज एकदा नेहमीसारखी सुरू करा, डिस्क मॅनेजमेंटमध्ये नवी डिस्क दिसते याची खात्री करा, आणि मगच प्रत काढा.

त्याआधी सिस्टिम इन्फॉर्मेशन उघडून ‘बायोस मोड’समोर काय लिहिले आहे ते पाहा. तेथे यूईएफआय (लॅपटॉप सुरू होण्याची नवी पद्धत) असेल तर पुढे जा. लेगसी (जुनी पद्धत) असेल तर थांबा, कारण एनव्हीएमईवरून सुरू होण्यासाठी साधारणपणे यूईएफआय आणि जीपीटी मांडणी (डिस्कवरील विभागांची नोंद ठेवण्याची नवी पद्धत) लागते. विंडोज १० मध्ये २०१७ पासून एमबीआरटूजीपीटी हे साधन आहे. ते डेटा न पुसता जुन्या डिस्कची मांडणी जुन्या एमबीआरवरून जीपीटीवर बदलते. अर्थात, महत्त्वाच्या फायलींची वेगळी प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवल्याशिवाय त्याला हात लावू नये. मांडणी बदलल्यावर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) यूईएफआय निवडून जुनीच डिस्क सुरू होते का ते तपासा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. पुढे विंडोज ११ वर जायचे ठरले तरी हे काम उपयोगी पडेल.

१ टीबीवरून ५०० जीबीवर येताना व्यापलेली जागा ४०० जीबीच्या आत आणावी. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या आणि ते तात्पुरते स्थगित करा. प्रत काढण्यासाठी एसएसडीच्या कंपनीचे मोफत साधन मिळत असेल तर तेच वापरा, कारण लहान डिस्कवर विभाग बसवणे त्यात सोपे जाते. क्लोनझिला हे प्रत काढण्याचे मोफत साधनही उत्तम आहे, पण लक्ष्य डिस्क लहान असली की ते सहसा अडते. ईएफआय (विंडोज सुरू करणारा) आणि रिकव्हरी (दुरुस्तीचा) हे छोटे विभागही प्रतीत घ्या, नुसता सी ड्राइव्ह नको.

प्रत झाल्यावर लॅपटॉप पूर्ण बंद करा, मागचे झाकण उघडून जुनी हार्ड डिस्क काढा आणि मगच पहिल्यांदा सुरू करा. दोन्ही डिस्कची ओळख एकसारखी असल्याने त्या एकत्र राहिल्या तर विंडोज एकीला ऑफलाइन करू शकते, किंवा आपण जुन्याच डिस्कवर काम करत आहोत हे लक्षातही येत नाही. विंडोजचा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेला असल्याने तो सहसा टिकतो. टॅलीचा परवाना पुन्हा सक्रिय करावा लागू शकतो, म्हणून सीरियल नंबर आणि नोंदवलेला ईमेल हाताशी असू द्या.

जुनी डिस्क लगेच फॉरमॅट करू नका. महिनाभराचे हिशेब आणि जीएसटीचे एक विवरणपत्र नव्या डिस्कवरून सुरळीत झाले की मग ती मोकळी करा.