प्रोसेसरचं नुसतं नाव लिहून भागत नाही

प्रश्न: नमस्कार ताई, मी इंदूरला सुदामानगरात राहतो, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आहे. आम्ही मित्रांनी एक लायब्ररी बनवलीय, तिच्यामुळे स्क्रिप्टमधून सी चं कुठलंही फंक्शन कॉल करता येतं. डॉक्युमेंटेशनमध्ये मी "एक्स८६-६४ आणि एआरएम६४ वर चालते" एवढीच प्रोसेसरची नावं लिहिलीत, मित्र म्हणतो पुरेसं नाही. अजून काय लिहू?

उत्तर: मित्राचं ऐक, बरोबर बोलतोय तो. कॉलिंग कन्व्हेन्शन, म्हणजे फंक्शनला आर्ग्युमेंट कुठून कशी द्यायची याचे नियम, एकट्या प्रोसेसरवर ठरत नाही, ऑपरेटिंग सिस्टिमही बघावी लागते, म्हणून एक तक्ता कर आणि त्यात कायम दोघांची जोडी लिही. समज फंक्शनला आधी इंट (पूर्णांक), मग डबल (दशांश), मग परत इंट द्यायचाय. त्याच इंटेल मशीनवर लिनक्स असेल तर ते ईडीआय, एक्सएमएम० आणि ईएसआय या रजिस्टरमधून (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या जागांमधून) जातात, कारण तिथे पूर्णांक आणि दशांश वेगळे मोजतात. विंडोजवर मात्र ईसीएक्स, एक्सएमएम१ आणि आर८डी, कारण तिथे आर्ग्युमेंट कितव्या नंबरचं आहे त्यावर रजिस्टर ठरतं, वर स्टॅकवर, म्हणजे फंक्शन कॉलसाठीच्या मेमरीत, ३२ बाइट जागा कॉल करणाऱ्यानेच सोडायची. हे एवढं एक उदाहरण तक्त्याखाली टाकलंस ना, तरी वाचणाऱ्याचं अर्धं काम होतं.

प्रिंटएफ सारखी फंक्शन, ज्यांना कितीही आर्ग्युमेंट चालतात, त्यांच्यासाठी वेगळा रकाना पाहिजेच पाहिजे. एआरएम६४ वर लिनक्समध्ये अशी आर्ग्युमेंट आधी रजिस्टरमधून जातात पण अॅपलच्या मॅकवर फंक्शनच्या घोषणेत तीन ठिपके (...) असतात त्या जागची सगळी स्टॅकवर जातात, त्यामुळे साध्या फंक्शनसारखा कॉल केला की कचरा छापला जातो आणि लोक दिवसभर स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसतात. लिबएफएफआय या तुमच्यासारखंच काम करणाऱ्या लायब्ररीमध्ये याच्यासाठी एफएफआय_प्रेप_सीआयएफ_व्हार असं वेगळं फंक्शनच दिलंय. तुमच्यात तशी सोय नसेल तर "नाही" असं स्पष्ट लिही.

स्ट्रक्ट (अनेक व्हेरिएबलचा एक गठ्ठा) व्हॅल्यूने, म्हणजे पत्ता न देता अख्खा, देता-घेता येतो का तेही लिही. लाँग या पूर्णांकाच्या प्रकाराची साइज विसरू नको, ६४ बिट लिनक्सवर ८ बाइट, विंडोजवर ४. बत्तीस बिट विंडोज घेणार असाल तर सीडेकल आणि एसटीडीकॉल या दोन्ही कॉलिंग कन्व्हेन्शनची नावं हवीत, पहिल्यात स्टॅक कॉल करणारा साफ करतो, दुसऱ्यात फंक्शन स्वतः.

आणि माझं ठाम मत, प्रत्येक जोडीपुढे "चालवून बघितलंय" की "फक्त कोड लिहिलाय" हे प्रामाणिकपणे टाक. मॅक हाताशी नसेल तर त्या ओळीत आज "फक्त कोड लिहिलाय" असंच लिहिलेलं बरं.