माग लागला, ठिकाण लागेना

८ मार्च २०१४ च्या मध्यरात्री मलेशिया एअरलाइन्सचं एमएच३७० हे विमान क्वालालंपूरहून बीजिंगला निघालं आणि २३९ माणसांसह नाहीसं झालं. त्यात पाच भारतीय होते. हवाई वाहतूक नियंत्रण कक्षात माझी बत्तीस वर्षं गेली, आता चाळीसगावला असतो. या विमानाबद्दल खान्देशातल्या वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची ही उत्तरं.

रावेरचे एक केळी बागायतदार विचारतात: आमच्या गावावरून जाणारं विमान कुठून कुठं चाललंय हे मोबाइलवर दिसतं. मग एवढं मोठं विमान रडारवरून गायब कसं होतं?

मोबाइलवर विमान दिसतं, कारण ते स्वतः आपला ठावठिकाणा सांगत असतं. रात्रीच्या लाइटीवर पाणी भरायला गेलात आणि बागेत कुणाची चाहूल लागली, तर तुम्ही हाक देता, 'कोन शे रे तठे?' समोरून 'ओ' आली की माणूस कोण, कुठं, सगळं कळतं. नियंत्रण कक्षाचं रडार अशीच हाक देतं आणि विमानातला ट्रान्सपॉन्डर 'ओ' देतो. तो बंद पडला की आमच्या पडद्यावरचं नाव जातं, आणि तुमच्या मोबाइलवरचंही.

एमएच३७० च्या वैमानिकाचा शेवटचा आवाज रात्री १ वाजून १९ मिनिटांनी आला. १:२१ ला ट्रान्सपॉन्डर गेला. पण लष्करी रडार हाकेवर अवलंबून नसतं, ते बॅटरीच्या झोतासारखं नुसतं अंग पाहतं. त्याच्या नोंदीत दिसलं की विमान मागे वळलं, मलेशिया ओलांडून पेनांगजवळून मलाक्काच्या सामुद्रधुनीत गेलं. २:२२ ला तेही दिसेनासं झालं. पृथ्वी गोल असल्यामुळे जमिनीवरचं रडार फार तर चारशे किलोमीटर पाहतं. त्यापलीकडे मोकळ्या समुद्रावर रडार नाहीच.

पाचोऱ्याच्या एक शिक्षिका: मग ते दक्षिणेकडे हिंदी महासागरात गेलं, हे कशावरून?

हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर तर्क आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. विमानात उपग्रहाशी बोलणारं एक यंत्र होतं. २:२५ ला त्याने उपग्रहाशी पुन्हा जोडणी केली आणि त्यानंतर साधारण तासातासाला 'आहेस का?' 'आहे' एवढीच देवाणघेवाण होत राहिली. त्यात जागा सांगितलेली नसते. पण उत्तर यायला किती वेळ लागला, ते नोंदलेलं असतं, आणि त्या वेळेवरून अंतर निघतं.

खळ्यातली मेढ आठवा. बैलाची दोरी किती लांब ते कळलं, तर बैल कोणत्या वर्तुळावर आहे हे कळतं. वर्तुळावर नेमका कुठं, ते नाही. उपग्रह ही मेढ. अशी सात वर्तुळं निघाली. त्यातलं शेवटचं सकाळी ८:१९ चं. ती जोडणी यंत्राने स्वतःहून मागितली होती. इंधन संपून वीज गेली आणि क्षणभर परत आली, की असं होतं.

उत्तर की दक्षिण, हे लहरींच्या बदलावरून ठरलं. स्टेशनात येणाऱ्या इंजिनाची शिट्टी चढी लागते आणि लांब जाणाऱ्याची उतरती, तसा हा बदल. आकडे दक्षिणेच्या वाटेशी जुळले.

भुसावळचे निवृत्त रेल्वे कर्मचारी: पुढच्या स्टेशनावर गाडी पोचल्याची खबर आल्याशिवाय आम्ही ब्लॉक, म्हणजे दोन स्टेशनांमधला रुळांचा टप्पा, मोकळा करत नसू. विमानाची चौकशी कुणी केली नाही?

तुमच्या प्रश्नाने मला रात्रभर झोप लागली नाही. केली, पण उशिरा. मलेशियाच्या कक्षाने विमान व्हिएतनामच्या हद्दीत सोपवलं. ते ठरल्या वेळी बोललं नाही, तर पाच मिनिटांत विचारणा व्हायला हवी होती. व्हिएतनामच्या हो ची मिन्ह कक्षाकडून ती आली १:३८ च्या सुमारास. मग 'कंपनीला विचारा', 'ते कंबोडियावर असेल' असं चालत राहिलं. शोध आणि बचाव केंद्राला जाग आणली गेली पहाटे साडेपाचला. आणि ८:१९ ला विमान उपग्रहाशी जोडणी मागत होतं. म्हणजे या सगळ्या फोनाफोनीच्या वेळी ते उडत होतं.

मी नवखा असताना एकदा अरबी समुद्रावरच्या विमानाचा ठरलेला रिपोर्ट आला नाही. रेडिओवर नुसती खरखर. समोर त्या विमानाची स्ट्रिप, म्हणजे नाव, उंची आणि वेळ लिहिलेली कागदी पट्टी. वेळेच्या रकान्यावर पेन टेकवून मी इतका ताठ बसलो होतो की शाईचा ठिपका पसरून आकडा बुजला. अकराव्या मिनिटाला आवाज आला. शेजारच्या वरिष्ठांनी तोवर पुढच्या दोन केंद्रांना फोन करून टाकले होते. 'येईल' असं गृहीत धरायचं नाही, हे मी त्या रात्री शिकलो.

अमळनेरहून: प्रवाशांचे फोन नंतरही वाजत होते म्हणतात. मग ते जिवंत होते का?

नाही, त्यावरून तसं म्हणता येत नाही. नेटवर्क समोरचा फोन शोधत असतं, तेव्हाही आपल्या कानात रिंग वाजू शकते. आशेने फोन लावणाऱ्या घरच्यांना मात्र हे कुणी वेळेवर समजावून सांगितलं असतं, तर बरं झालं असतं.

धुळ्याहून: वैमानिकानेच हे केलं ना?

जुलै २०१८ च्या मलेशियाच्या अहवालाने कारण ठरवता येत नाही असं स्पष्ट लिहिलं. विमान हाताने वळवलं गेलं असावं, आणि तिसऱ्या कुणाचा हात नाकारता येत नाही, इथवर तो जातो. कॅप्टनच्या घरच्या सिम्युलेटरवर, म्हणजे उड्डाणाचा सराव करायच्या संगणकावर, दक्षिण हिंदी महासागरातले बिंदू सापडले, हेही खरं. पण तेवढ्यावर मेलेल्या माणसाला खुनी म्हणायला माझी जीभ धजत नाही.

शिरपूरची एक विद्यार्थिनी: काहीच सापडलं नाही का?

सापडलं, ताई. २९ जुलै २०१५ ला रियुनियन बेटावर किनारा साफ करणाऱ्यांना पंखाचा एक तुकडा मिळाला, फ्लॅपरॉन. त्याच्या कडांवर समुद्री शंखजीव दाटीने चिकटले होते, जुन्या विहिरीच्या काठावर शेवाळ धरतं तसे. आतल्या क्रमांकावरून तो याच विमानाचा ठरला. पुढे टांझानियात पंखाचा आणखी एक भाग मिळाला, उतरताना बाहेर काढतात तो फ्लॅप. तो बहुधा आत घेतलेल्या स्थितीत होता, म्हणजे पाण्यावर सावकाश उतरण्याची तयारी झालेली दिसत नाही.

विमानाचा मुख्य सांगाडा मात्र सापडेना. जानेवारी २०१७ पर्यंत १,२०,००० चौरस किलोमीटर समुद्रतळ पाहिला, आपल्या जळगाव जिल्ह्याच्या दहापट. तिथलं पाणी बऱ्याच ठिकाणी चार किलोमीटर खोल, म्हणजे सातपुड्यातल्या अस्तंभा शिखरासारखी तीन शिखरं एकावर एक रचावीत तेवढं. २०१८ मध्ये ओशन इन्फिनिटी कंपनीने आणखी शोधलं. मार्च २०२५ मध्ये मलेशियाने त्याच कंपनीशी नवा करार केला: सापडलं तरच पैसे.

आणि वेळ लागला म्हणून सापडत नाही असं नाही. २०१६ मध्ये चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं हवाई दलाचं एएन-३२ बंगालच्या उपसागरात हरवलं. साडेसात वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये, ३,४०० मीटर खोलीवर त्याचे अवशेष ओळखले गेले.

नंदुरबारहून: आता ब्लॅक बॉक्स मिळून तरी काय उपयोग?

त्याचा आवाज देणारा बीकन महिनाभराच्या बॅटरीचा होता, तो कधीच थांबला. त्या घटनेनंतर ही मुदत ९० दिवसांची केली गेली, आणि समुद्रावर दर १५ मिनिटांनी विमानाची जागा कळवण्याचा नियमही आला. पण आतली मेमरी टिकू शकते. अटलांटिकमध्ये २००९ साली पडलेल्या एअर फ्रान्स ४४७ चे बॉक्स दोन वर्षांनी ३,९०० मीटरवरून काढले आणि वाचले गेले.

एमएच३७० मध्ये दोन बॉक्स होते. आवाजाचा बॉक्स फक्त शेवटचे दोन तास ठेवत असे, त्यामुळे १:२१ च्या सुमारास कॉकपिटमध्ये कोण काय बोललं ते पुसलं गेलेलं असणार. दुसरा पंचवीस तासांच्या नोंदी ठेवतो. वळण कोणत्या सेकंदाला घेतलं, केबिनमधली हवा कधी गेली का, शेवटच्या थेंबापर्यंत कुणी नियंत्रणावर होतं का, हे सगळं त्यात असायला हवं.