फौजी माणूस पोलीस पाटील म्हणून चालतो का?

प्रश्न असा आहे की अमेरिकेत खेड्यापाड्यात आर्मीतून आलेला माणूस शेरीफ होतो, तसं आपल्याकडे माजी सैनिकाने पोलीस पाटील व्हावं का, परवडतं का.

शेरीफची तुलना अर्धीच लागू पडते. तिकडे शेरीफ बहुतेक ठिकाणी निवडून येतो, हाताखाली डेप्युटी असतात, काउंटीचा जेल त्याच्या ताब्यात, कमरेला पिस्तूल. इकडे प्रांत (उपविभागीय अधिकारी) नेमणूक करतो आणि हातात येतं एक ओळखपत्र. ना गाडी ना हत्यार. पण निवडणूक नाही हेच बरंय, नाहीतर ज्याची भावकी मोठी त्याचाच पाटील झाला असता आणि तक्रार दाबायला वेगळे कष्टच नकोत.

आमचे आबा, म्हणजे वडील, मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून आले, शांतीसेनेत श्रीलंकेला जाऊन आलेले. गाव त्यांना मेजर म्हणायचं (गावात सगळेच फौजी मेजर असतात, विशेषतः कँटीनची बाटली हवी असली की). पोलीस पाटील झाले तेव्हा माझे चुलते म्हणाले, पेन्शन चालू आहे ना, मग भाकरी खाऊन गप पड की, फौजीला हुकूम पाळता येतो, गाव नाही सांभाळता येत.

पुढं एका रात्री आमच्याच भावकीतली एक सून विहिरीत सापडली. लग्नाला सात वर्षं व्हायची होती. पाय घसरला म्हणे. सासरच्यांची घाई की रातोरात उरकून टाकू, लाकडं पण रचून झालेली. आबांनी ठाण्यात वर्दी दिली आणि प्रेताजवळ जाऊन बसले, अंगात तो जुना फौजेतला अंगोला शर्ट, हातात बॅटरी, बोलणं काहीच नाही. लग्नाच्या सात वर्षांच्या आत सून अशी गेली की नुसता फौजदार येऊन भागत नाही, इन्क्वेस्टला (मृत्यूच्या चौकशीला) तहसीलदार लागतो, त्यामुळं सकाळचे दहा वाजले. तोवर अर्धी भावकी येऊन शिव्या देऊन गेली, चुलते त्यात पुढं. पंच म्हणून सही करायला एक माणूस तयार होईना, कोर्टाच्या तारखा कोण खाणार, शेवटी शेजारच्या वाडीतून दोघं आणले.

कोर्टात बचावाच्या वकिलाने विचारलं, प्रेत पाहिल्याची वेळ एवढी पक्की कशी सांगता? आबांनी डायरी दाखवली, त्यात फौजेतल्यासारखं 2340 (रात्रीचे अकरा चाळीस) लिहिलेलं, खाली कोण कोण आलं आणि किती वाजता. वकील पुढं त्या वेळेवर बोललाच नाही. तरीपण सगळे सुटले, ती गोष्ट वेगळी. चुलते आजही म्हणतात, बघ, काय मिळालं? अहो, पंचनामा झाला, पोस्टमॉर्टेम झालं, पोरीचं माहेर कोर्टात उभं राहिलं, नाहीतर दुसऱ्या दिवशी नुसती राख बघायला आले असते. हुकूम पाळणारा माणूस असता तर भावकीचाच पाळला असता की.

आता परवडतं का. आबांच्या वेळचं मानधन एसटी आणि चहापाण्यातच जायचं. 2024 मध्ये सरकारने महिना 6500 चे 15000 करायचं ठरवलं, तेव्हा आता तसं रडगाणं नाही. वय 25 ते 45, दहावी पास, त्याच गावचा रहिवासी. लेखी 80 मार्कांची, तोंडी 20 ची. सतरा वर्षं नोकरी करून आलेला शिपाई पस्तिशी-चाळिशीत घरी असतो, म्हणजे वयात बसतो.

एक मात्र आहे, सगळेच फौजी चालत नाहीत. काहीजण गावाला परेड ग्राउंड समजतात, बांधाच्या भांडणात पण सावधान-विश्राम. काहींची संध्याकाळ सातनंतर गॅरंटी नसते. आणि बायकोला आधी विचारा, कारण रात्री दार वाजलं की पहिली जाग तिलाच येते, आमच्या आईने हे फार सोसलंय.

बाकी वयात बसत असाल तर फॉर्म भरा. घरात चुलते असतील तर त्यांना मात्र निकाल लागल्यावरच सांगा.