शेजारच्या गच्चीवर मोबाइल टॉवर चढतोय. नागपुरात याला परवानगी कोण देतं आणि आक्षेप कुठे घ्यायचा?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं : मनीषनगरात शेजारच्या तीन मजली फ्लॅट स्कीमच्या गच्चीवर टॉवरचं लोखंड चढलं आहे, झोन ऑफिसनं "आमच्याकडे याची काही फाइल नाही" म्हणून परत पाठवलं, तर महापालिका हे काम थांबवू शकते की नाही?

थांबवू शकते, पण अर्जात कारण काय लिहिता त्यावर सगळं आहे. "रेडिएशनमुळे आरोग्याला धोका" असं लिहून शंभर सह्यांचं निवेदन दिलंत तर ते फाइलला लागेल आणि तिथंच राहील. रेडिएशन हा नगररचना विभागाचा विषयच नाही, तो केंद्राच्या दूरसंचार विभागाचा. महापालिकेचा विषय आहे इमारत : मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, भार, गच्चीची मालकी. नुसत्या भीतीवर टॉवर हटवायला उच्च न्यायालयांनीही वारंवार नकार दिला आहे. म्हणून एकाच अर्जात सगळं कोंबू नका.

आधी हद्द बघा. नागपुरात नियोजन प्राधिकरण एक नाही. जुन्या शहरात महापालिकेचा नगररचना विभाग. नागपूर सुधार प्रन्यासच्या योजना आणि गुंठेवारीतले 572 व 1,900 लेआउट हे वेगळं प्रकरण. त्यांचा ताबा नासुप्र आणि मनपा यांच्यात मागेपुढे होत राहिला आहे. मनीषनगरातून पुढे बेसा, बेलतरोडीकडे गेलात की महापालिकेची हद्द संपते आणि नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एनएमआरडीए) सुरू होतं. मिहानमध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी. झोन ऑफिसनं परत पाठवलं यात दरवेळी टाळाटाळच असते असं नाही, कधी जागा खरंच त्यांची नसते. प्लॉटची आखीव पत्रिका किंवा सातबारा, खसरा नंबर आणि नासुप्रचं प्लॉट मंजुरीचं पत्र (आरएल) असेल तर त्याची प्रत हाताशी ठेवा. अर्जावर हे नंबर नसले तर कोणताच बाबू फाइल शोधणार नाही.

खात्री नसेल तर पहिला कागद तक्रारीचा नको, माहिती अधिकाराचा द्या. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, उत्तराची मुदत 30 दिवस. चुकीच्या कार्यालयात गेला तरी कलम 6(3) नुसार त्यांनीच पाच दिवसांत तो योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो, म्हणजे हद्दीचं कोडं तेच सोडवतात. मागायचं ते नेमकं मागा : त्या इमारतीचा मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, टॉवरबाबत कंपनीनं दिलेलं पत्र आणि त्यासोबतचा स्ट्रक्चरल इंजिनियरचा दाखला, सगळ्यांच्या प्रमाणित प्रती. "टॉवर कायदेशीर आहे काय?" असं विचारलंत तर "असे मत देणे माहितीच्या व्याख्येत बसत नाही" हे छापील उत्तर येतं.

आता परवानगीचं. केंद्रानं 2022 मध्ये मार्गाधिकाराचे (राइट ऑफ वे, म्हणजे केबल-टॉवर उभारण्याच्या हक्काचे) नियम दुरुस्त केले आणि खासगी जागेवरच्या टॉवरसाठी स्थानिक प्राधिकरणाच्या पूर्वपरवानगीची गरज काढून टाकली. त्याऐवजी काम सुरू करण्याआधी लेखी माहिती द्यायची, तीत इमारतीचा तपशील आणि स्ट्रक्चरल इंजिनियरचा सुरक्षिततेचा दाखला जोडायचा. पुढे दूरसंचार अधिनियम 2023 आला आणि त्याखालचे नवे मार्गाधिकार नियम 1 जानेवारी 2025 पासून लागू झाले. खासगी जागेवर मालकाशी झालेला करार हाच तिथंही पाया. त्यामुळे "महापालिकेची परवानगी नाही" एवढ्यावर उभा केलेला आक्षेप आता लंगडा आहे. करार करणारा खरोखर गच्चीचा मालक होता का, दाखला खरा आहे का, खालची इमारत तरी मंजूर आहे का, हे तीन प्रश्न मात्र जिवंत आहेत. मी तुमच्या जागी असतो तर याच तिन्हींवर जोर दिला असता.

मालकीपासून सुरुवात करू, कारण बहुतेक करार इथंच फसतात. नागपुरातल्या बऱ्याच फ्लॅट स्कीम सहकारी सोसायट्या नाहीत. त्या 1970 च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली डीड ऑफ डिक्लेरेशन करून चालतात. या डीडमध्ये गच्ची सामायिक क्षेत्र म्हणून दाखवली असेल तर तिच्यावर सगळ्या फ्लॅटधारकांचा हिस्सा असतो. बिल्डर मात्र सेल डीडमध्ये "गच्चीचे हक्क राखून" अशी एक ओळ घालून ठेवतो आणि त्या ओळीच्या जोरावर टॉवर कंपनीशी भाडेकरार करून मोकळा होतो. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला पत्ता लागतो तो ड्रिल मशीन सुरू झाल्यावर. डीड ऑफ डिक्लेरेशन दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं असतं, त्याची प्रत काढून सेल डीडशी ताडून बघा. दोन्ही एकमेकांशी जुळत नसतील तर त्या इमारतीतल्या एखाद्या फ्लॅटधारकाला सोबत घ्या. शेजारी म्हणून तुम्ही हा मुद्दा एकट्यानं मांडलात तर "तुमचा काय संबंध" हा प्रश्न येणारच. प्लॉट नासुप्रच्या लीजवर असेल तर लीज डीडमधली वापराची अटही वाचा. निवासी वापराच्या लीजवर भाड्याचा टॉवर हा अटीभंगाचा मुद्दा होतो, आणि तो नगररचनेकडे नाही, लीज देणाऱ्याकडे न्यायचा.

दाखल्याची तपासणी थोडी किचकट आहे, पण खरा दम तिच्यातच आहे. गच्चीवरच्या टॉवरचे पाय इमारतीच्या कॉलमवरच बसायला हवेत. पद्धत अशी की वॉटरप्रूफिंग फोडून कॉलमचं डोकं उघडं करायचं, त्यातल्या सळ्यांना जोडून पेडेस्टल (काँक्रीटचा ठोकळा) ओतायचं, पेडेस्टलवर लोखंडी गर्डर टाकायचे आणि गर्डरवर टॉवरची बेस प्लेट. पाय कॉलमच्या मध्ये स्लॅबवर किंवा पॅरापेटला टेकलेले दिसले तर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, इंजिनियरलाही समजावून सांगायची गरज पडणार नाही. जुन्या लेआउटमधलं घर लोड बेअरिंगचं असेल, म्हणजे विटांच्या भिंतींवर उभं असेल, तर तिथं कॉलमच नसतो. अशा घरावर लॅटिस (लोखंडी जाळीच्या) टॉवरचा दाखला कुणी कशाच्या आधारावर दिला, हे विचारायलाच हवं.

भाराचा अंदाज घ्या. आयएस 875 या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागाप्रमाणे वावर असलेल्या गच्चीचा स्लॅब साधारण चौरस मीटरला 150 किलो जिवंत भारासाठी (माणसं, सामान) धरतात. शिशाच्या बॅटरीची 48 व्होल्टची बँक म्हणजे दोन-दोन व्होल्टचे 24 सेल, मोठ्या क्षमतेची असेल तर कित्येकशे किलो, आणि ती उभी राहते एका कपाटाच्या जागेत. शेजारी जनरेटर ठेवला तर बोलायलाच नको. म्हणून बॅटरीचं कपाट आणि जनरेटर शक्यतो खाली जमिनीवर किंवा बीमवर यायला हवेत.

मग वारा. आयएस 875 च्या तिसऱ्या भागात नागपूरचा मूलभूत वाऱ्याचा वेग सेकंदाला 44 मीटर दिला आहे, म्हणजे ताशी 158 किलोमीटरच्या आसपास. ढोबळ हिशेबानं यातून चौरस मीटरला 118 किलो दाब निघतो. दोन मीटर लांब आणि 30 सेंटीमीटर रुंद अशा एका अँटेनावर साधारण 70 किलोचा आडवा रेटा. उंचीचे आणि आकाराचे गुणक अजून लावायचेच आहेत. तीन कंपन्यांचे नऊ अँटेना, शिवाय मायक्रोवेव्हच्या डिश, एवढं सगळं नंतर त्याच टॉवरवर चढतं. पहिला दाखला मात्र एकाच कंपनीच्या तीन अँटेनांचा असतो, आणि चूक सर्वात जास्त इथंच सापडते. भार वाढला की नवा दाखला लागतो, तो आहे का ते मागा. दाखल्यात कॉलमची मापं, काँक्रीटची चाचणी, अँटेनांची संख्या आणि काम सुरू होण्याआधीची तारीख, यांपैकी काहीच नसेल आणि फक्त "इमारत सुरक्षित आहे" असं असेल, तर तो जागेवर न जाता लिहिलेला कागद समजा.

तिसरा प्रश्न, इमारत मंजूर आहे का. नकाशात तळमजला अधिक तीन मजले आणि प्रत्यक्षात वर चौथा असेल, किंवा पार्किंगमध्ये खोल्या काढल्या असतील, तर मामला एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याचा होतो. काम चालू असेल तर कलम 54 खाली थांबवण्याची नोटीस, झालेलं असेल तर कलम 53 ची. नोटीस मिळालेला माणूस बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम 44 खाली अर्ज टाकतो आणि तो निकाली निघेपर्यंत नोटीस थंड पडते. नोटीस निघाली म्हणजे उद्या टॉवर उतरला असं मुळीच धरू नका. त्या अर्जाचं काय झालं याचा पाठपुरावा करत राहावा लागतो.

तुमच्या भागात विमानतळाचाही मुद्दा आहे. सोनेगावच्या धावपट्टीमुळे मनीषनगर, खामला, जयताळा आणि वर्धा रोडवरच्या उंचीला भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या रंगीत झोन नकाशाप्रमाणे मर्यादा आहे. ती उंची जमिनीपासून नव्हे, समुद्रसपाटीपासून मोजतात आणि तीत टॉवरच्या टोकावरचा वीजरोधक दांडाही धरतात. इमारतीची एनओसी दाखवून टॉवर त्यात बसवता येत नाही, टोकापर्यंतची उंची वेगळी तपासावी लागते.

रेडिएशनची भीती असेल तर ती मोजून बघा. भारतानं 1 सप्टेंबर 2012 पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेचा एक दशांश भाग ही मर्यादा ठेवली : 900 मेगाहर्ट्झला चौरस मीटरला 0.45 वॅट, 1800 ला साधारण 0.9, 2100 आणि वर 1 वॅट. दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर परिसरातले टॉवर बघता येतात आणि 4,000 रुपये भरून आपल्या घरी मोजणी मागवता येते. टॉवरच्या अगदी खालच्या फ्लॅटला सहसा सर्वात कमी मिळतं, कारण अँटेनाचा झोत समोर जातो, खाली नाही. काळजी करायची ती समोरच्या, अँटेनाच्याच उंचीवरच्या खिडकीची. विभागाच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत अशा समोरच्या इमारतीसाठी एका अँटेनाला 20 मीटर, दोनला 35, चारला 45, सहाला 55 मीटर अंतर दिलं आहे. तुमची खिडकी त्या रेषेत येत असेल तर टेप घेऊन मोजा, आणि अर्जात मीटर लिहा.

वर्धा रोडवर हा प्रश्न उलट्या बाजूनं येतो आहे. मेट्रो मार्गाच्या दोन्ही बाजूंना 500 मीटरपर्यंत जादा एफएसआय (त्याच प्लॉटवर जास्त बांधकामाची मुभा) मिळत असल्यानं जुन्या तीन मजली स्कीमच्या शेजारी उंच इमारती उठतात, आणि जे अँटेना काल मोकळ्या हवेत झोत टाकत होते ते आता कुणाच्या तरी बेडरूमच्या समोर येतात. टॉवर आधीचा असला तरी लोक राहतात तिथली मर्यादा पाळायची जबाबदारी कंपनीचीच. मोजणी मागवली की अँटेनाची दिशा बदलणं किंवा झुकाव वाढवणं हा उपाय बहुधा निघतो.

जनरेटरचा आवाज सोडू नका, त्याला स्वतंत्र नियम आहेत. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे.

मालमत्ता कराची भीती तुमच्या शेजाऱ्यांना असेल तर त्यांना एवढं सांगा : 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो असं ठरवलं होतं, पण दूरसंचार अधिनियमाच्या कलम 14 नं आता दूरसंचार जाळं त्या मालमत्तेचा भाग मानायचं नाही, करासाठीही नाही, असं म्हटलं आहे.

आज करायचं ते एवढंच : फोटो तारखेसह काढा, माहिती अधिकाराचा अर्ज टाका, आणि महापालिकेला फक्त भार आणि मंजुरीच्या मुद्द्यांवर एक पानी पत्र द्या. आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.